मागच्या दाराचा दवाखाना

आमच्या घरात दोन दवाखाने चालायचे. पुढच्या सोप्यात आप्पांचा आणि मागच्या दाराशी, चुलीपुढं, आईचा. आप्पा म्हणजे माझे वडील, मिरजेला राहून रीतसर डॉक्टर होऊन आलेले. आई सातवी पास. गाव आमचं उंब्रजच्या अलीकडं, हायवेला चिकटलेलं, त्यामुळं घरात सतत ट्रकांचे हॉर्न, आणि त्यांच्या जोडीला सोप्यात स्टोव्हची भरभर. त्या स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या, पण खरं सांगायचं तर त्या उकळायच्या जास्त आणि टोचल्या जायच्या कमी. सुईसाठी आप्पांचा हात फार आखडता. माणूस कंबर धरून यायचा आणि म्हणायचा, "आवं डाक्टर, एक सुई मारा की." आप्पा विचारायचे, "कशासाठी?" "बरं वाटतंय जिवाला." "जिवाला बरं वाटायला घरी जाऊन कांद्याची भजी खा गड्या. या दुखण्याला सुई लागत नाही, चार दिवस ऊस तोडायला जाऊ नको." माणूस हिरमुसला होऊन पायऱ्या उतरायचा आणि सरळ हायवेपलीकडच्या दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन सुई मारून घ्यायचा. गावात आप्पांचं नावच पडलं होतं, थांबा-बघू डॉक्टर. आप्पांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. निम्मी दुखणी आपली आपण बरी होतात आणि उरलेल्या निम्म्यांतली बरीच औषधानं वाढतात, असं ते जेवताना म्हणायचे. आई म्हणायची, "हे बाहेर बोलू नका, उद्या चूल पेटायची नाही."

पुढच्या दवाखान्यात बायका यायच्या नाहीत असं नाही. पण ताप, खोकला, विंचू, विळा लागलेलं बोट, एवढ्यापुरत्याच. पोटाच्या खालचं दुखणं मागच्या दारानं यायचं. बाई परसातून यायची, उंबऱ्याशी टाकलेल्या पोत्यावर बसायची, आईच्या पुढ्यातल्या सुपातला घेवडा आपणहून मोडायला घ्यायची. पाऊसपाणी, सासू, म्हशीचं दूध असं सगळं बोलून झालं की आवाज खाली यायचा. "वैनी, अंगावरनं लय जातंय वो. डाक्टरास्नी जरा सांगा." आई सगळं ऐकून घ्यायची, आणि दुपारी आप्पांच्या ताटात दुसरी भाकरी टाकताना सांगायची, "मळ्यातल्या शांताला जरा जातंय." किंवा "बरंच जातंय." आईची ही मापं होती आणि आप्पांना ती पाठ झाली होती. जरा म्हणजे रक्तवाढीच्या गोळ्या. बरंच म्हणजे कराडला लेडी डॉक्टरकडं चिठ्ठी. औषधाची पुडी परत चुलीपाशी यायची आणि संध्याकाळी ती बाई पाण्याला जाता जाता घेऊन जायची. तिला आप्पांनी पाहिलेलंही नसायचं. मी तेव्हा दहावीत. चुलीशेजारी पुस्तक घेऊन बसायचे आणि पुस्तकापेक्षा जास्त हे ऐकायचे. मला वाटायचं, काय हुशारी आहे या दोघांची, न बघता माणसं बरी करतात! आज स्वतः डॉक्टर होऊन जन्म गेला, आणि ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. न बघता, अरे देवा!

अक्का ही आप्पांची मोठी बहीण, माझी आत्या, पण आप्पांचं ऐकून आम्ही सगळेच तिला अक्का म्हणायचो. आप्पांची आई ते रांगते असताना गेली, तेव्हा अक्काच त्यांची आई झाली. तिला विट्याकडं दिलेली. आतोबा तिकडच्या कितीतरी बाप्यांसारखे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायचं दुकान घेऊन दूर दक्षिणेत. मुलगाही मिसरूड फुटल्याबरोबर तिकडंच गेलेला. त्यामुळं अक्का वर्षातून चारदा आमच्याकडं येऊन राहायची, आणि ती आली की घराचा आवाजच बदलायचा. पहाटे उठून जात्यावर काहीतरी भरडायची, उगाच, गिरणी असताना. हुलग्याचं माडगं करायची आणि ते आम्ही प्यायलो नाही की म्हणायची, "मरा जावा, बिस्किटं खाऊन मरा." आप्पा केवढे डॉक्टर असोत, ती त्यांना बाबू म्हणायची, तेही पेशंटसमोर. "बाबू, आदी जेव. ही माणसं काय आता लगेच मरत न्हाईत." पेशंटही हसायचे. आप्पांना या जगात एकाच माणसाचा धाक होता, आणि त्या माणसाचा आप्पांच्या डॉक्टरकीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या वर्षी पाऊस सरता सरता गावात जीप फिरली. कर्ण्यावरून सांगत होते की तालुक्याच्या एका ट्रस्टतर्फे माताभगिनींसाठी मोफत शिबिर आहे, पिशवीचं ऑपरेशन फुकट, न्यायला आणायला गाडी फुकट, वर एक लुगडं. पिशवी म्हणजे गर्भपिशवी, हे पोरासोरांनाही कळायचं. मागच्या दाराशी दुसऱ्याच दिवसापासून रांग लागली. कुणाला पांढरं जात होतं, कुणाची कंबर दुखत होती, कुणाला नुसतीच भीती घातली होती की पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होणार. आई थकून गेली. आप्पा मात्र पेटले. एरवी कुणाच्या अध्यात मध्यात नसणारा माणूस, पण शिबिराची बैठक मारुतीच्या देवळात होती तिथं जाऊन उभा राहिला. मी आणि आई बायकांच्या घोळक्यात मागं बसलो होतो. आप्पा म्हणाले, "कंबर दुखली म्हणून पिशवी, पांढरं गेलं म्हणून पिशवी, ही कुठली रीत? आधी तपासा. टेबलावर घ्या, पिशवीचं तोंड बघा, त्याचा नमुना काचेवर घेऊन मिरजेला पाठवा. शंभरातल्या पंच्याण्णव बायकांना काहीही करायची गरज निघणार नाही. चाळिशीच्या आत पिशवीबरोबर बीजकोशही काढून टाकलेत तर यांची हाडं साठीच्या आधी भुगा होतील." शिबिराचा माणूस इस्त्रीच्या कपड्यातला, गोड बोलणारा. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमच्या बोलण्याचा मान आहे. पण गरिबाला फुकट मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखावं?" देऊळभर हशा पिकला. मग मळ्यातली शांता, जिला आप्पांनी वर्षभर गोळ्या दिल्या होत्या, ती पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी तर आमाला कवाच तपासलं न्हाई, डाक्टर. आन् आता त्यांस्नी म्हंता तपासा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. आप्पा चष्मा काढून पुसत राहिले.

अक्का तेव्हा आमच्याकडंच होती. त्या रात्री भाकरी थापता थापता आईनं तिला विचारलेलं मी ऐकलं. "वन्सं, तुमचं काय करायचं? तुम्हाला पण उन्हाळ्यापासून जातंय म्हणता." अक्काची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता पुन्हा लाल दिसायला लागलं होतं. आज माझ्याकडं पहिल्या वर्षाची शिकाऊ पोरगी आली तरी तिला सांगता येईल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबा-बघू नाही, त्याच दिवशी तपासणी. अक्कानं हात झटकला. "त्याला जरा म्हून सांग. जरा. लय म्हनलीस तर कराडला धाडंल मला, आन् तिथं त्या बाईफुडं... नगं गं बाई. आन् माझ्या भावाला माझं असलं काय सांगतीस?" आईनं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी ताटात आमटी वाढताना म्हणाली, "वन्संना पण जरा जातंय." पाळी गेल्याचं बोलली नाही, कारण तेही असं सांगण्यासारखं नव्हतं. आप्पांचा घास थांबला नाही. ते म्हणाले, "वयच आहे. जाता जाता पाळी अशी दंगा करतेच. तिला म्हणावं थांब, गोळ्या देतो. आणि त्या जीपमध्ये बसू नको म्हणावं, माझी शपथ आहे." शेजारच्या बायका लुगड्यासकट परत आल्या, अंथरुणावरून उठल्या, कामाला लागल्या. त्या अक्काला विचारायच्या, "आवं अक्का, तुमी का आला न्हाई?" अक्का मान ताठ करून म्हणायची, "माझा भाव डाक्टर हाय. त्यानं न्हाई म्हनलंय." मग ती आपल्या गावी निघून गेली.

इथं थांबून थोडं आजचं बोलते. आता जीप येत नाही, सरकारी विम्याचं कार्ड असतं. कार्डावर अमुक ऑपरेशन बसतं आणि तमुक बसत नाही. बाईशी अर्धा तास बोलणं कुठल्याच कार्डावर बसत नाही. तपासणी बसत नाही, कापणं बसतं. आणि आता तपासणीचीही मोहीम निघालीय. परवा तालुक्याच्या बैठकीत भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली, आमच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी पूर्ण म्हणे. मी उभी राहिले. म्हटलं, माझ्याकडं रोज बायका येतात, मी विचारते, टेबलावर झोपवलं होतं का गं? त्या म्हणतात, न्हाई वो, आंगणवाडीत नाव इचारलं आन् फोटू काढला. मग ही तपासणी केली कुणी? साहेब तरुण होते, चांगल्या घरचे असावेत. म्हणाले, "मॅडम, डेटा अपलोड झालाय." मी म्हटलं, "बाबा, पुरावा म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं, मग ते लिहावं लागतं. तुम्ही दुसऱ्यापासून सुरू केलंत." लोकांनी चहा घेतला. मी पूर्वी अशा बैठकीनंतर रागानं दोन दोन दिवस जेवत नसे. आता जेवते.

दिवाळीला अक्का आली ती वाळलेली. आई म्हणाली, "वन्सं, काय ही दशा!" अक्का म्हणाली, "रानात राबले, दुसरं काय." भाऊबीजेच्या सकाळी तिनं उगाळलेलं चंदन अंगाला फासलं, केसाला वासाचं तेल एवढं लावलं की आम्ही पोरं नाक धरून हसलो. "अक्का, लग्न आहे का तुझं?" "व्हय, आन् तू करवली," ती म्हणाली. तिनं हे का केलं ते नंतर कळलं. अडचणीतल्या बाईनं ओवाळायचं नसतं, आणि तिची अडचण आता महिनोन् महिने संपतच नव्हती. ती सांगितली असती तर भाऊबीज बुडाली असती. आप्पा पाटावर बसले, टोपी घालून, शहाण्या मुलासारखे. रांगोळी मी काढली होती. अक्कानं तबक घेतलं, निरांजन लावलं, आणि कुंकू लावायला ती त्यांच्यावर वाकली. मी समोरच उभी होते, म्हणून मला आप्पांचा चेहरा दिसला. आधी त्यांनी नाक आकसलं, मग डोळे मिटले, मग एकदम उघडून तिच्याकडं बघितलं. चंदन आणि तेलाच्या खालून येणारा तो वास त्यांनी मिरजेच्या वॉर्डात अनेकदा घेतला होता. आता मीही घेतलाय. पिशवीच्या तोंडाचा रोग पिकला की तो वास येतो, आणि एकदा नाकात बसला की तो दुसऱ्या कशाचा आहे असं वाटत नाही. आप्पा बसून राहिले. तिनं अक्षता टाकल्या, ओवाळलं, सुपारी फिरवली. तिचं सगळं होईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी ओवाळणी घातली, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते उचलेनात. अक्का हसली, "अरं ऊठ की बाबू, फराळ निवतोय." आप्पा तसेच म्हणाले, "अक्का, कधीपासनं?" तिनं तबक खाली ठेवलं. आईच्या हातातलं करंज्यांचं ताट तसंच राहिलं. कुणीच काही खाल्लं नाही त्या दिवशी, आणि करंज्या पुढं मऊ पडल्या त्या शेवटी म्हशीला घातल्या.

कराडच्या बाईंनी तपासून आप्पांना बाजूला घेतलं, आणि आम्ही तिथूनच मिरजेला गेलो. तिथं म्हणाले, कापण्याच्या पलीकडं गेलंय, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू. शेकानं तिचं पोट भाजल्यासारखं झालं, जे पोटात घालेल ते बाहेर यायचं. आतोबा आणि मुलगा दुकान बंद करून आले आणि खाटेपाशी पाहुण्यासारखे बसून राहिले, कारण त्या दोघांना तिच्याशी काय बोलायचं हेच ठाऊक नव्हतं. आप्पा दवाखाना सोडून तिच्याजवळ होते. तिला रोज आपल्या हातानं धुवायचे, पुसायचे. आता लाज कसली उरली होती! जी लाज तिच्या जिवावर उठली, ती गेली कुठं, असं मला ओरडून विचारावंसं वाटायचं. एके दुपारी मी पेज घेऊन गेले तर अक्का त्यांचा हात धरून बोलत होती. आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबू, लोक कायबी म्हनू देत. तू म्हनलास थांब, मी थांबले. तुज्या शब्दाभाईर न्हाई गेले बग." ती हे कौतुकानं सांगत होती. आपण भावाची लाज राखली याचं समाधान होतं तिच्या तोंडावर. आप्पा उठून व्हरांड्यात गेले आणि खांबाला डोकं लावून लहान पोरासारखे रडले. शिमग्याच्या आधी अक्का गेली.

ती शिबिरात गेली असती तर वाचली असती का? मी पुस्तकं उलटीपालटी केली, माझ्याहून शहाण्या माणसांना विचारलं. कदाचित. कदाचित नाही, न तपासता नुसती पिशवी काढल्यानं तो रोग पुष्कळदा मागं राहतोच. मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण गावाला लगेच सांगता आलं. दिवसकार्याला आलेल्या बायका आमच्याच सोप्यात बसून म्हणत होत्या, डाक्टरनं सख्ख्या भनीला अडवली आन् मारली. शंभरातल्या पंच्याण्णवांबद्दल आप्पा जे बोलले होते ते खरं होतं. आजही तशा पंच्याण्णव माझ्या दवाखान्यात येतात, पन्नाशीत कुबड आलेल्या, रात्रभर अंगाची आग होणाऱ्या, शिंकली तरी बरगडी मोडणाऱ्या. त्या बरोबर होत्या असं कोण म्हणेल? पण एक अक्का समोर मेलेली असताना पंच्याण्णवांचं कोण ऐकतं? आणि ऐकावं तरी का, जेव्हा कापणाऱ्यांनीही बघितलं नव्हतं आणि थांब म्हणणाऱ्यानंही? पुढच्या पावसाळ्यानंतर जीप पुन्हा आली. या वेळी तिला कर्णा लावायचीही गरज पडली नाही. आप्पा देवळात गेले नाहीत. सोप्यात बसून ते मागतील त्याला सुई देऊ लागले होते.

जीप गेली त्या दिवशी मी कॉलेजातून आले तर मागचं दार लावलेलं. ते दार दिवसा कधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं. चूल थंड. आप्पा सोप्यात, पेशंट नसताना खुर्चीत. म्हणाले, "तुझी आई गेली त्यांच्याबरोबर." मी विचारलं, "का? तिला काय झालंय?" ते उठून स्टोव्हला पंप मारायला लागले. आई आठवड्यानं परत आली, बरोबर लुगडं होतं. तिनं ते कधी नेसलं नाही. आप्पांनी तिला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, आणि त्यानंतर जेवताना तिनं त्यांना कुणाचं काही सांगितलं नाही. मागच्या दाराचा दवाखाना असा बंद पडला. मी बारावीनंतर मेडिकलला गेले ती या घराच्या रागानं गेले, सेवा वगैरे काही नव्हतं मनात.

आप्पा जाऊन आता फार काळ लोटला. आई आहे. मागच्या श्रावणात न्हाणीत नुसती बसताना तिचा खुबा मोडला, हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "यांचं काही लवकर काढलं होतं का?" आता ती माझ्याकडं मधल्या खोलीत पडून असते. तिला मी पुसते, कूस बदलते, माडगं करून चमच्यानं भरवते आणि ती आता ते मुकाट पिते. परवा इतक्या वर्षांनी मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, तू का गेली होतीस गं त्या जीपमध्ये? तू तर रोज ऐकत होतीस आप्पांचं. अक्कामुळं भ्यालीस?" ती म्हणाली, "भ्याले. आन् मला पण वरीसभर जात हुतं. बरंच." मी चमचा खाली ठेवला. "मग आप्पांना सांगायचंस ना! घरात डॉक्टर होता तुझ्या!"

"सगळ्या गावाचं मी सांगत हुते, पोरी," आई म्हणाली. "माझं कोण सांगनार हुतं?"